रॉटरडॅमशी सावड

पनवेल, ४ फेब्रुवारी २०२५

चि. ऋचास सुमतीआत्याचे अ. उ. आ.

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून कुरियरने पत्र पाठवते. तू बोलणी करायला गेलीस त्या डच कंपनीचा भागीदारीचा मसुदा वाचला. मी सही करणार नाही. मासळीच्या थंड पेट्यांचा हा कारखाना मी कळंबोलीत पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केला, तेव्हा रॉटरडॅमहून कोणी हातभार लावायला आलं नव्हतं. न्हावा शेव्याच्या उन्हात त्यांची पेटी तडकते, आपली नाही. मग आपल्याला त्यांची गरज कशाला? भागीदारी म्हणत कारखाना गिळतील आणि ढेकरही देणार नाहीत.

तिकडे थंडी फार असेल. फॅशन पुरे, कान झाकून फिर.

रागावले तरी तुझीच,
आत्या

रॉटरडॅम, ११ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

कान झाकलेत, तरी तुझा ओरडा पोचला. आपली पेटी तडकत नाही हे खरं, पण तिच्यातला बर्फ दुपारपर्यंत वितळतो हेही खरं. दोन मोठी गिऱ्हाइकं त्यापायीच गेली ना? यांच्या पेटीतला फोम चार-चार दिवस गारवा धरतो. पण यांच्या पेटीला आपलं ऊन सोसत नाही आणि आपला बाजार यांना ठाऊक नाही. तसला फोम शोधायला आपल्याला वर्षानुवर्षं लागतील. तोवर स्वस्त पेटीवाले दोघांनाही संपवतील.

तूच शंभरदा सांगितलंस, रोडपालीला आजोबांकडे एकच बैल होता आणि शेजारच्या बळीरामकडे एक. दोघांनी सावड केली, बैल एका नांगराला जुंपले, दोन्ही शेतं झाली. कोणी कोणाला विकलं गेलं नाही. हे त्याहून वेगळं काय आहे?

लोभ आहेच, तो जरा रागाखालून बाहेर काढ.

तुझी ऋचा

पनवेल, १७ फेब्रुवारी

चि. ऋचास अ. उ. आ.

माझाच बैल माझ्या अंगावर सोडलास! पण गोष्ट अर्धीच सांगितलीस. दिवस मावळला की बैल आपापल्या गोठ्यात जायचे. मसुद्यात आपल्या पेटीचा साचा कायमचा तिकडे जातो. त्याला सावड नाही, बैल विकणं म्हणतात. साचा कळंबोलीतच राहील. फोमची कृती त्यांच्यापाशी राहू दे, मी विचारणारही नाही. मान्य नसेल तर सरळ परत ये. लागू देत कितीही वर्षं, आपण दोघी फोम शोधू.

तुझ्या वाटणीचे तिळाचे लाडू ठेवले होते, ते मीच संपवले. तरी माया कमी करू नकोस.

आत्या

रॉटरडॅम, २५ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

साचा कळंबोलीतच राहणार, नवा मसुदा सोबत आहे! तीन बैठका झाल्या, पण मी हटले नाही. भाची कोणाची आहे? मग त्यांना बैलांची गोष्ट सांगितली. म्हातारे मालक मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, एकाचा बैल आजारी पडला तर? मी म्हटलं, आत्याला विचारते. तुझं उत्तर आलं की मगच ते सही करणार आहेत.

लाडवांचा हिशेब घरी आल्यावर.

तुझी ऋचा

पनवेल, ३ मार्च

चि. ऋचास अ. उ. आ.

एका वर्षी ऐन लावणीत बळीरामकाकांचा बैल लंगडा झाला. माझ्या बाबांनी त्यांना एका शब्दानं दुखावलं नाही. जुवाची रिकामी बाजू स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि आधी काकांचं शेत उरकलं, मग आपलं. तो घट्टा बाबांच्या खांद्यावर शेवटपर्यंत होता. आजारपणात त्यांना अंघोळ घालताना माझा हात तिथे थांबायचा.

हे त्या मालकांना सांग आणि त्यांच्या डोळ्यांत बघून विचार, आपला बैल बसला तर तुम्ही खांदा द्याल का? हो म्हणाले आणि तुला ते खरं वाटलं, तर सोबतच्या कागदांवर माझी सही आहे.

लोभ वाढता ठेव.

तुझी आत्या