कुलूप तोडल्याची ताकीद

लातूर, १२ जुलै १९९४

प्रिय मित्र पाशामियाँस,
सा. न. वि. वि.

बातमी वाईट आहे, ती आधी सांगून टाकतो. तुझ्या जावेदला पोलीस खात्यानं नोकरीतून काढलं. भूकंपानंतर औशाकडच्या गावात मदतीच्या गोदामावर त्याचा पहारा होता, हे तुला ठाऊकच आहे. पाऊस लागला, लोक उघड्यावर भिजत होते आणि किल्ली लातुरात साहेबांच्या खिशात. यानं कुलूप तोडून ताडपत्र्या, ब्लँकेटं वाटून टाकली. तेही एकवेळ खपलं असतं, पण कुणाचं नाव लिहिलं नाही की अंगठा घेतला नाही. म्हणून माल यानंच विकला, असा ठपका आला.

वरच्या साहेबांकडे अपील केलंय, सुनावणी ऑगस्टअखेर. तोवर तो आमच्याकडेच राहतोय. यादी का नाही केलीस म्हणून विचारलं, तर पिशवी उचलून बाजारात निघून गेला. तुला काही उमगत असेल तर कळव.

आमच्या हिच्याकडे यंदा क्लासच्या चार पोरी जेवायला आहेत. जावेद त्यांच्यासाठी भाजी आणतो, तेवढंच मन रमतं. एका क्लासवाल्यानं वॉचमन ठेवतो म्हणून निरोप धाडला, तर हा म्हणाला, चोर ठरलेल्या माणसाला पहाऱ्यावर कशाला ठेवता?

बिलकीसवहिनींना धीर दे. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा उद्धव

नांदेड, १८ जुलै

उद्धवरावास पाशाचा सलाम.

खत मिळालं. पोराच्या अम्मीनं दोन दिवस घास गिळला न्हाई.

यादी का केली न्हाई, ते मला इचार. आपलं कापडाचं दुकान. मयतीच्या घरी दिलेलं कापड आम्ही कधी लिहिलं न्हाई; माझ्या अब्बांनी न्हाई, मी बी न्हाई. कफन वहीत मांडायचं नसतं, त्याचे पैसे मागायचे नसतात. पोरगं हेच बघत मोठं झालं. त्या गावात मयतीचं घर न्हाई असं कोणतं होतं? दुकानाचा माल येगळा, सरकारचा येगळा, हे त्याच्या ध्यानातच आलं नसंल. येडा हाय, पण चोर न्हाई. साहेबाला हेच सांग म्हणावं.

गुडघे उठू देत न्हाईत, न्हाईतर आलो असतो. तू असताना मी तिथं काय दिवे लावणार म्हणा! आम्ही दुआ करून राहिलो.

पाशा

लातूर, १ सप्टेंबर

प्रिय पाशा,
सा. न. वि. वि.

परवा सुनावणी झाली. जावेदनं सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, घरचा रिवाज घरी, इथे पुरावा लागतो. त्या गावचा शरणप्पा माझा जुना विद्यार्थी. दोन माणसं साक्षीला आण, म्हणून मी त्याला कार्ड टाकलं होतं. हा पठ्ठ्या अख्खं गाव ट्रकात घालून घेऊन आला. प्रत्येकानं आपापली ताडपत्री, आपापलं ब्लँकेट आणलं होतं. कुणी तर छपरावरून काढून आणलेली. व्हरांड्यात ढीग लागला, कुबट वासानं कारकून नाक धरून फिरत होते.

साहेबांनी मोजायला लावलं. एक ब्लँकेट कमी भरलं. तेव्हा सरजाबाई नावाची म्हातारी पुढे आली. म्हणाली, माझा लेक त्यात गुंडाळून नेला, ते कुठून आणू? साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. मला तर चष्मा काढून पुसावा लागला.

नोकरी परत मिळाली. चोरीचा ठपका गेला. फक्त कुलूप तोडल्याची ताकीद सर्व्हिस बुकात राहणार. वकील म्हणतो, अजून एक अर्ज केला तर तीही निघेल. जावेद म्हणतो, अब्बांना विचारा. तू म्हणशील तसं करू.

तुझा उद्धव

नांदेड, ७ सप्टेंबर

उद्धवरावास लाख सलाम.

तुझं खत गिऱ्हाइकं उभी ठेवून दुकानात मोठ्यानं वाचलं. बिलकीसनं ईद नसताना शीरखुर्मा करून गल्लीभर वाटला. आता तिला आवरणं माझ्या बापाच्यानं होणार न्हाई.

अर्ज करू नका. चोरीचा डाग गेला, बस्स झालं. कुलूप त्यानं तोडलं हे खरं हाय, मग ताकीद बी खरी. ऱ्हाऊ दे ती. आमच्या खानदानात सरकारनं कुणाचं काही चांगलं लिहून ठेवलेलं न्हाई, हे पहिलंच हाय. उद्या नातवंडांनी इचारलं की बापाला सजा कशापायी झाली, तर छाती काढून सांगीन: लोक भिजत होते, तुमच्या बापानं किल्लीची वाट बघितली न्हाई.

लोभ ठेव,
जावेदचा बाप