खोकला घरीच ठेवा

अहो,
भाजी झाकून ठेवली आहे, गरम करून घ्या.

काल चुकले मी. आपलं ठरलेलंच आहे, विकत घ्यायचं घर बघताना तुम्ही खोकलात की मी भिंतीतली ओल दाखवायची, मग तुम्ही भाव पाडायचा. तुम्ही तीनदा खोकलात, आणि मी मालकिणीसमोरच बोलून गेले, "अगं बाई, स्वयंपाकघरात किती उजेड!" भाव तिथेच अडला. 

अशी चार घरं स्वस्तात घेऊन आपण भाड्याने दिली. मी मात्र अजून भर दुपारी दिवा लावून भाजी चिरते. कालच्या त्या स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी तुम्हीही रेंगाळलात, पाहिलं मी.

मालकिणीने दुसऱ्या कुणाला हो म्हणू नये म्हणून पुन्हा तिकडेच गेले आहे. हे घर भाड्याने द्यायचं नाही. जेवून या. खोकला घरीच ठेवा.