आत्याच्या दारात

आई, तुला माझ्या गिऱ्हाइकांच्या दारात जायचंच होतं तर आधी मला विचारायचंस ना! जिवंत होतीस तेव्हा बोचकं घेऊन सगळा नौपाडा पालथा घातलास, ते कमी पडलं? आता जाऊन इतकी वर्षं झाल्यावर लोकांच्या बेली वाजवतेस? बायका मला फोन करतात, "ताई, तुमच्या त्या म्हाताऱ्या बाई येऊन गेल्या हां." माझ्याकडे कसली बाई? मी ठाकुर्लीच्या घरात बसून कुंच्या-झबली शिवते, सून ती मोबाइलवर विकते. दारोदार फिरायला आमच्याकडे कोणी नाही.

तुला हे फोनवर विकणं माहीत नाही म्हणून सांगते. पैसे भरले की आपली जाहिरात लोकांच्या मोबाइलमध्ये दिसते, आणि कुणाला दाखवायची ते आपणच ठरवायचं. सुनेला तेव्हा नुकतेच दिवस गेलेले. ती म्हणाली, "मम्मी, सोप्पंय. ज्यांना बाळ होणारे त्यांनाच दाखवू." मलाही पटलं. ऑफर लावली, आत्ताच बुक करा, कुंचीवर झबलं फुकट. लाइक चिक्कार, ऑर्डर एक नाही. मग कल्याणहून एका बाईचा फोन आला. "माझ्या लेकीला सातवा चालू आहे. बाळ हातात यायच्या आधी घरात कुंची आणायची? तुम्हाला पोरंबाळं आहेत का नाहीत?" माझे कान गरम झाले. तुझी मुलगी मी, आणि हेच विसरले.

तू पोटुशीच्या दारात कधी गेली नाहीस. मी परकर सावरत तुझ्या मागे, आणि तू वर बघत चालली आहेस, गॅलरीतल्या दोऱ्यांकडे. लंगोट वाळत दिसले की मगच जिना चढायचीस. वर जाऊनसुद्धा बाळंतिणीला माल दाखवायचा नाही, विचारायचं काय, तर "बाळाची आत्या कुठं राहते हो?" बारशाला कुंची आत्यानं आणायची, मग गिऱ्हाईक आत्या. मी कुरकुर करायचे, पाय दुखतात, इथंच विक ना. तर डोक्यात टपली. "ज्याचा मान त्यालाच विचारायचं, गधडे."

मी सुनेला म्हटलं, जाहिरात आत्यांना दाखव. ती हसायलाच लागली. "मम्मी, त्यात वय असतं, गाव असतं, लग्न झालंय का ते असतं. आत्या असं बटण नसतं."

"मग हाक मार."

"कुणाला?"

"आत्यांना. वर मोठ्या अक्षरात लिही, भावाला बाळ झालं का? आत्या असेल ती थांबेल, बाकीच्या जातील पुढे." ऑफर पण बदलली. बारशाच्या आदल्या दिवशी घरपोच, आणि वहिनीच्या ओटीसाठी खण फुकट. आठवड्यात मशीनवरून उठायला फुरसत राहिली नाही.

आणि तेव्हाच तू सुरू झालीस. पहिली डोंबिवलीतली एक शिक्षिका. म्हणाली, "तुमच्या बाईंनी सांगितलं म्हणून मोबाइल उघडला, तर खरंच जाहिरात समोर." कोण बाई? "बोचकंवाल्या. पाणी दिलं, तर उभ्याउभ्याच प्यायल्या आणि पेला पालथा घालून गेल्या." मशीनवरचा माझा पाय थांबला. कुणाच्याही दारात पाणी पिऊन पेला पालथा घालणारी तूच. मग ठाण्याची एक, मग कल्याणची. प्रत्येकीकडे तो पालथा पेला. एकीनं खालच्या वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला वर कोणीच गेलेलं नाही. आधी मी घाबरले, मग मात्र सवय झाली. तू जिथं जिथं गेलीस तिथली बारशी नीट पार पडत होती. मी मनात म्हणायचे, बरंय, म्हातारी घर राखतेय.

पण नौपाड्यातलं एक घर मी विसरलेले नाही. तळमजल्याचं. दोरीवर लंगोट होते, आतून बाळाचं खणखणीत रडणं येत होतं, आणि आत्या स्वतः दारात उभी राहून हाका मारत होती, "अहो कुंचीवाल्या, इकडे या!" तू मान वर केली नाहीस. माझं मनगट दुखेपर्यंत धरलंस आणि पुढे निघालीस. काही दिवसांनी आपण त्याच रस्त्यानं जातोय, दोरी रिकामी आहे, दार बंद आहे. मी विचारते, "आई, यांचं बारसं झालं का?" तू म्हणतेस, "चल." एवढंच. त्यावर पुन्हा कधी बोलली नाहीस.

आता ऐक. सून बाळंत झाली. मुलगा झालाय. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण माझ्याकडेच आहे. बाळ छान आहे, दूध ओढतं, रडतं तर शेजारच्या बिल्डिंगीत ऐकू जातं. मला त्या रडण्याचीच धास्ती वाटते. गुरुवारी बारसं आहे. बाळाची आत्या म्हणजे माझी लेक, मानपाड्याला असते. मी रोज फोन करते. "कोणी आलं होतं का गं?"

"कोण येणार?"

"म्हातारी, बोचकं घेऊन."

"आई, तू जेवलीस का नीट?" काल तर चिडलीच. "तुझी ती जाहिरात अख्ख्या डोंबिवलीला दिसते. मला एकदा पण दिसली नाही अजून."

सुनेला तर हे कळूही दिलेलं नाही. लंगोट मुद्दाम रस्त्याकडच्या दोरीवर घालते, तुला दिसावेत म्हणून. तुझ्या नजरेतून लंगोट सुटणार नाहीत हे मला माहीत आहे, आणि तरी तू लेकीच्या दारात गेली नाहीस, म्हणून तर झोप लागत नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? मशीनच्या खणात ठेवतेय. पण एक केलंय ते सांगते. आज दुपारी सून झोपली तेव्हा तिचा मोबाइल घेतला आणि बघून बघून शिकलेय तशी एक जाहिरात लावली. जागा फक्त लेकीच्या बिल्डिंगीच्या आसपासची. वय विचारलं, तर सगळ्यात शेवटचं दाबलं, पासष्ट आणि पुढे. कुंचीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, तुझ्या नातीला भाचा झालाय, दुसरा मजला, डाव्या हाताचं दार. किती जणांनी बघितली ते खाली दिसतं. आत्तापर्यंत एकानं बघितलीय.

ती तू असलीस तर तुला घर सापडलंय. आता रस्ता चुकले म्हणू नकोस. लेकीला सांगितलंय, दाराशी पाण्याचा पेला भरून ठेव, का ते विचारू नकोस. बुधवारी दिवे लागायच्या आत मला तो पालथा पाहिजे.