बेचाळीस नळ्या, एक नाव

१४ ऑगस्ट

प्रिय बाबा,
तुम्हाला आणि आईला नमस्कार.

"आधी उतरवून घे, मग पुढचं विचार." गणितं शिकवताना तुम्ही हे इतक्यांदा म्हणायचात की मी वैतागून वही मिटायचे. गेल्या आठवड्यात हेच वाक्य पुन्हा भेटलं. फोन केला की तुम्ही तो आईच्या हातात देता, म्हणून पत्र.

मी बरी आहे. मान आता दुखत नाही. प्रयोगशाळेत तुमच्या जुन्या टेबलाला नवा पाय बसवला.

रक्ताच्या नळ्यांना नावं पुरवणारा, तुम्ही सी या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्राम मी चार महिन्यांपूर्वी पायथन या नव्या भाषेतल्या माझ्या प्रोग्रामला जोडला आणि पहिल्याच सकाळी बेचाळीस नळ्यांवर एकाच बाईंचं नाव छापून आलं. रक्त काढणाऱ्या ताई म्हणाल्या, "बाईंच्या अंगात उरलं तरी किती?" सगळे हसले. त्यावर झालेल्या बैठकीला तुम्हालाही बोलावलं होतं. तुमच्यादेखत मी सांगून टाकलं की दोष जुन्या कोडमध्येच आहे. तुम्ही "असेल" म्हणालात, चष्म्याचं घर खिशात घातलंत आणि निघून गेलात.

दोष माझा होता, बाबा. तुमचा कोड नाव हातात देत नाही, ते कुठे ठेवलंय तो पत्ता देतो. ठेवायची जागा एकच. पुढचं नाव मागितलं की आधीचं पुसलं जातं. मी बेचाळीस वेळा तोच पत्ता घेतला आणि सगळी नावं शेवटी एकदम वाचायला गेले. तिथे शेवटच्या बाई बसलेल्या. आणि पत्ता देणाऱ्या ओळीच्या डोक्यावरच तुमची टीप, रोमन अक्षरांत पण मराठीत: आधी उतरवून घे, मग पुढचं विचार. मी ती वाचलीच नव्हती.

इतके दिवस आम्ही नावं हातानेच लिहीत होतो; आता माझा प्रोग्राम प्रत्येक नाव मिळताक्षणी स्वतःकडे उतरवून घेतो. तुमची एकही ओळ बदललेली नाही. सहा दिवसांत हजारावर नळ्या गेल्या, एक नाव चुकलं नाही. काल त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर सांगितलं की चूक माझी होती, आणि हा कोड माझ्या बाबांचा आहे. आवाज जरा मोठाच निघाला.

इतक्यांची नावं सांभाळणाऱ्या त्या फाइलवर तुमचं नाव कुठेच नाही. पहिल्या ओळीत घालू का? "काम चालतंय ना, मग नाव कशाला," म्हणाल, ठाऊक आहे. फक्त तो नकार आईकडून नको. फोनवर तुम्ही स्वतः म्हणा.

टीप न वाचलेली,
तुमची लेक