मिरवणुकीची लाल एमजी

११ मार्च २०१२

मी गाडी विकते म्हणे! सगळ्या वस्तीत ह्यांनीच सांगून ठेवलंय — "कमला मागे लागलीय, काय करू." जयंती मंडळाचा गजेंद्र सकाळी आला, माझाच चहा प्यायला आणि मलाच सुनावून गेला. "चाची, बाबासाहेब की गाड़ी बेच दोगी?" म्हटलं, चहा संपव आधी.

गाडी विकायला काढलीय ह्यांनीच; खरं कारण आम्हा घरच्यांनाच ठाऊक. ह्यांच्या डोळ्यांचा आतला पडदा झिजलाय. कडेचं दिसतं, मधलं नाही. डॉक्टरला म्हणाले, "साहेब, तुमचे कान दिसतात, तोंड दिसत नाही." असा माणूस चौदा एप्रिलला मिरवणुकीत गाडी कशी चालवणार! पुढे पोरं नाचत असतात. त्यांचे कान बघून ब्रेक दाबणार का?

१५ मार्च

गाडीला नावं ठेवणार नाही. रेल्वेच्या बड्या साहेबाची विलायती एमजी, बंगल्यात चिंचेखाली सडत होती. हे तेव्हा इकडे हिंदी मुलखात रेल्वेच्या कारखान्यात कामाला आलेले. भंगाराच्या भावात घेतली, कबाड्यांकडून एकेक पुर्जा गोळा करून उभी केली. लाल रंग, तारांची चाकं, वरून उघडी. रविवार आला की तेल बघायचं, तारा पुसायच्या. माझी जुनी सुती लुगडी सगळी तिच्याच अंगाला लागली. माझी पाठ कधी एवढ्या मायेने चोळली नाही कुणी!

सीटा दोनच. जयंतीला एकीवर हे, दुसरीवर बाबासाहेबांची निळ्या कोटातली तसबीर. मी मागे बायकांत, पायी, धूर खात. तक्रार नाही. तसबिरीला उठवून आपण बसावं, एवढी अक्कल गेली नाही माझी.

१८ मार्च

एक लॉनवाला आला. लग्नासाठी जागा भाड्याने देतो. गाडीला फुलं लावून नवरदेव बसवणार म्हणाला. हे उठलेच — "जिस सीट पे बाबासाहेब, उस पे तुम्हारा दारू पिया हुआ दूल्हा?" आणि दार दाखवलं. म्हणजे बोट केलं ते कपाटाकडे. मी जोरात खोकले, त्याचा हात धरून खऱ्या दाराशी नेला. त्याला वाटलं, म्हातारी जास्तच तापलीय.

२० मार्च

रुचिरा, आमची नात, म्हणते, "आजी, सबको बता दो ना, आबा को दिखता नहीं. बात खतम."

म्हटलं, तू सांग.

ती उठून चहाचे कप विसळायला गेली.

कारखान्यात ह्यांच्या नजरेवर सगळ्यांचा भरवसा होता. चाक नुसतं फिरताना बघून सांगायचे, कुठे वाकलंय. अजून लोक तेच बोलतात. अशा माणसाला आंधळा कुणी म्हणायचं? त्यापेक्षा मी कजाग बरी. ती मी आहेच, त्यासाठी नवं काही शिकावं लागत नाही.

पण राग येतो. लोकांचा नाही. ह्यांचा.

२५ मार्च

शहराच्या टोकाच्या जानकीपुरमहून चित्राताई गाडी बघायला आल्या. औषधांच्या संशोधनात होत्या, आता घरीच. मूळच्या साताऱ्याच्या. नुसतं लांबून बघणारी बाई नव्हे — बॉनेटखाली डोकं घातलं, हात काळे केले, मग चालवून आल्या. हे खूश! "कार्बोरेटर कुणी बसवला?" असं विचारलं त्यांनी, तर अर्धा तास बोलत होते.

मग म्हणाले, "एक अट आहे ताई. चौदा एप्रिलला गाडी मिरवणुकीत पाहिजे."

"आणीन की. चालवणार कोण?"

मीच म्हटलं, "तुम्ही."

"का? भाऊराव, तुम्ही का नाही?"

"कमलाला भीती वाटते," हे चटकन म्हणाले.

घ्या!

२ एप्रिल

गेली. किल्ली ह्यांनी स्वतः दिली. जेवले नाहीत.

५ एप्रिल

नळावर बायका माझ्याशी बोलत नाहीत. पाणी लवकर भरून होतं. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "विसरतील गं." कोण विसरणार? आणि कशाला विसरतील, हे रोज आठवण करून देतात ना!

१४ एप्रिल

चित्राताई वेळेवर आल्या, मुद्दाम निळी साडी नेसून. तसबीर शेजारच्या सीटवर बांधली. पहिल्या हाराचा मान ह्यांचा. गजेंद्रने हार हातात दिला, हे ऐटीत पुढे झाले, निळं दिसलं तिथे वाकले — आणि हार चित्राताईंच्या गळ्यात!

सगळे हसले. हे डोळे मिटून, हात जोडून चित्राताईंपुढे तसेच उभे. मग हसणं एकेकाचं थांबत गेलं. चित्राताई हलल्या नाहीत. ह्यांनी डोळे उघडले.

गजेंद्र माझ्याकडे वळला. "चाची... चाचा को क्या..."

म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस. समोर उभे आहेत, त्यांना विचार. आज उत्तर त्यांनीच द्यायचं.