साधा उ

प्रिय क्यूनसुलू,

हे पत्र ताश्तानच्या गाडीतून पाठवतोय. त्याला बजावलंय, तिच्याच हातात दे, तिच्या बापाकडे नको. "प्रेमपत्र की काय, बाइके? दादा, या वयात?" म्हणून दात काढत बसला. वाटेत उघडून वाचलंस तर तुझ्या गाडीचा रेडिओ पुन्हा दुरुस्त करणार नाही, असा दम दिलाय. तेव्हा पाकीट बंद मिळालं पाहिजे. नाही मिळालं तर कळव.

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी छपरावर होतो, धुराडं साफ करत होतो. यंदा कोच्कोरमधल्या सगळ्या बहिणींची, वहिन्यांची धुराडी मीच साफ करतोय. सुटे पैसे मागावेत तितक्या सहज तू विचारलंस, "तायाके, जेएन मागतेय, नाही म्हणायचं नाही. विद्यापीठात सॉफ्टवेअर, की शहरातला वेबचा कोर्स? तुम्ही सांगाल ते." बहिणीच्या लेकरानं, जेएननं मागितलं की मामानं, तायाकेनं द्यायचं, आपल्यात यातून सुटका नाही. सहा वर्षांची असताना तू याच हक्कानं माझी डाख द्यायची इस्त्री पळवली होतीस आणि तुझ्या आईचा, बुरुलचा नवा गालिचा जाळला होतास. आणि शेवटी फोन ठेवता ठेवता हळूच म्हणालीस, "दोन्हींत जे जास्त अवघड असेल ते सांगा." त्या वाक्यावर मी तीन दिवस अडकून पडलोय.

माझं मत हवंय तर नीट ऐक. मला कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे माझं मत पाठ केलेलं नाही. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात मी छपाईयंत्राला तेल घालायला लागलो होतो. पहिला कॉम्प्युटर आला तो रशियन कळफलक घेऊन, म्हणजे आपल्या भाषेची तीन अक्षरं त्यावर नव्हतीच. संपादक म्हणाले, "चालतंय, लोक समजून घेतात." मला नाही चाललं. एका फाटक्या रशियन पुस्तकावरून शिकलो आणि ती तीन अक्षरं ठिपका ठिपका जोडून काढली, मग ती उमटवणारा प्रोग्रॅम लिहिला. संपादक ओरडायचे, "एसेनकुल, या तीन अळ्यांसाठी माझा अंक अडवून ठेवतोस!" ओरडू देत. कोच्कोरमध्ये आपली भाषा कॉम्प्युटरवर पहिल्यांदा शुद्ध छापली ती या हातांनी, हे मी मरेपर्यंत सांगत राहणार.

आणि लोक काय करतात? फोनवर आता तिन्ही अक्षरं आहेत. बोट क्षणभर दाबून धरलं की वर येतात. तेवढंही जमत नाही. आपला तो ओठ चंबू करून म्हणायचा ऊ सोडून देतात आणि रशियन साधा उ ठोकतात. क्यून म्हणजे सूर्य. साधा उ घातला की तो होतो कुन, म्हणजे खून केल्यावर मेलेल्याच्या घरी भरायची भरपाई. तू स्वतःचं नावसुद्धा तसंच लिहायचीस आणि मी दर वेळी दुरुस्त करून परत पाठवायचो. बुरुल खो खो हसायची. "अगं, मी मेले असं कळवलंस ना, तरी तुझा तायाके आधी शुद्धलेखन तपासेल," असं तुला म्हणायची. मी तेव्हा हसलो होतो. आता हे लिहिताना पेन थांबलं.

असो. तुझ्या प्रश्नाकडे येतो. वेबवाला पान बनवतो, माणूस त्याच्या दारात येतो. घाईत, रडत, चष्मा विसरून, कसाही येतो. सॉफ्टवेअरवाला आतल्या खोलीत बसतो. तिथं माणूस येत नाही, माणसानं दारात जे ठेवलं ते येतं. दोन्हींत डोकं लागतं. तुझा बाप म्हणतो, "दोन्ही एकच, कॉम्प्युटरच ना." नाही, एकच नाही. एकच असतं तर मधे फट राहिली नसती. फटीचं पुढे सांगतो.

बुरुल गेल्यावर चाळिसाव्या दिवशीच्या विधीला ते टायवाले दोघे आले होते, आठवतंय? तू कणकेचे बोरसोक तळत होतीस, गुरुवार होता, मेलेल्यांना तेलाचा वास पोचावा म्हणून आधीच कढई चढवली होतीस. आम्ही पुरुष आत बसलो होतो. रुग्णवाहिका बोलवायचं ते पान ज्या कंपनीनं बनवलं, तिची ही माणसं. मेंढी घेऊन आली होती. म्हणाली, मुलीला आमच्या वेबच्या कोर्सला जागा देतो, शिकली की नोकरीही. चूक झाली असं काही तोंडातून काढलं नाही, "दुःखात सहभागी" एवढंच. बैठकीतल्या सर्वांत वयस्क तबालदी आजोबांनी दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "हा कुन आहे. पूर्वी घोडे द्यायचे, आता कोर्स देतात. घ्या, नाकारू नये." तुझा बाप सागिन मान खाली घालून बसला. मी बायकोकडचा माणूस, मयताच्या माहेरचा, माझा शब्द लागतो. मी म्हटलं, आधी बघतो कशाबद्दल देतायत ते. आजोबा चिडले. "तुला प्रत्येक गोष्टीत स्क्रू उघडून बघायचा असतो!" हो, असतो.

तो दिवस मी तुला परत आठवायला लावणार नव्हतो. पण त्याशिवाय पुढचं लिहिता येत नाही. शहरावर धूर बसला होता, वारा नव्हता, कोळसा ओला होता. ऊब टिकावी म्हणून बुरुलनं निखारे पुरते विझायच्या आत धुराड्याची झडप लावली. मग कोळशाचा विषारी वायू घरातच कोंडतो. तरी सगळ्याच लावतात. आमच्या आईनं आयुष्यभर लावली. तू दुकानातून परतलीस तेव्हा ती शेगडीपाशी पडली होती. सागिन कामावर होता. त्याच्या कारखान्यानं ज्या खासगी रुग्णवाहिकेशी करार केला होता, ती फोनच्या पानावरूनच बोलवावी लागायची. ती आली, पण फार उशिरा. तू सगळ्यांना सांगितलंस, गाडी वाट चुकली. सगळ्यांनी मान डोलावली, नव्या वस्तीत वाटा चुकतातच.

मी नाही डोलावली. मी कंपनीत गेलो. पान बनवणारा पोरगा भला होता, मला बसायला खुर्ची दिली. "बाइके, मी फक्त पान केलं. गल्ल्यांची यादी आतून येते, त्यात मला बोट घालता येत नाही." मग आतला प्रोग्रॅम लिहिणारा आला, तो चहाचा पेला घेऊनच. "बाइके, पानानं आम्हाला जे दिलं, ते आम्ही शोधलं. चुकीचं दिलं तर आम्ही काय करणार?" दोघं माझ्यासमोर एकमेकांकडे बोट दाखवत होते. पुढ्यात बसलेला माणूस मेलेलीचा भाऊ आहे, हे थोड्या वेळानं दोघंही विसरले. मी म्हटलं, भांडू नका, त्या दिवशी काय आलं ते दाखवा. दाखवलं.

तुमची गल्ली क्यून. यादीत ती शुद्ध, आपल्या अक्षरानं लिहिलेली. पानावर आलेली साध्या उनं. आतल्या प्रोग्रॅमला तशी गल्ली सापडली नाही. सापडली नाही असं त्यानं सांगायला हवं होतं. त्याऐवजी 'कुन'नं सुरू होणारी पहिली गल्ली त्यानं गुपचूप भरून टाकली. कुन्दुझ. शहराच्या दुसऱ्या टोकाला. पानानंही ती बारीक करड्या अक्षरात दाखवली आणि खाली भलंमोठं लाल बटण ठेवलं. ज्याची आई जमिनीवर पडलीये तो करडी अक्षरं वाचत बसेल, की लाल बटण दाबेल? मी रुग्णवाहिकेच्या डॉक्टरांनाही भेटलो. गाडी सरळ आली असती तर वाचली असती का, विचारलं. ते म्हणाले, मी सांगू शकत नाही. खोटं बोलले नाहीत म्हणून मी त्यांचा हात हातात घेतला. तुलाही मी खोटं सांगणार नाही. मलाही माहीत नाही.

गल्लीच्या नावाखाली, ते ज्या फोनवरून लिहिलं त्याचा नंबर होता. तो मला पाठ आहे, पोरी.

सागिनला मी सांगितलेलं नाही, तबालदी आजोबांनाही नाही. सांगायचं की नाही ते तू ठरव, मी कधीच सांगणार नाही. पण त्या हिवाळ्यापासून तुझ्या एकाही मेसेजमध्ये एक अक्षर चुकलेलं नाही. "तायाके, पोचले", "तायाके, जेवले", सगळं कसं छापील. आधी मी खूश झालो, मूर्ख, वाटलं पोरगी सुधारली. नंबर बघितला त्या दिवशी कळलं की प्रत्येक अक्षरावर बोट दाबून धरताना तू काय करत होतीस. आणि रविवारी जास्त अवघड काय ते विचारलंस. तू अभ्यास निवडत नाहीयेस, तू कुन भरतेयस. म्हणून हे पत्र. तर ऐक, मयताच्या माहेरचा माणूस बोलतोय, माझा शब्द लागतो: तुझ्याकडे कसलाही कुन निघत नाही. अख्खा देश जे अक्षर खातो, त्याची तयारी न ठेवता रुग्णवाहिकेचं पान बांधलं, ते त्यांनी बांधलं. कंपनीची जागा मी परत पाठवली. मेंढी तुम्ही खाल्लीत, ती काही परत जाणार नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा जेएनला नाही म्हणतोय: जास्त अवघड कोणतं ते मी सांगणार नाही. बुरुलच्या लोकरीच्या नमद्यांच्या विक्रीसाठी तू पंधराव्या वर्षी पान बनवलं होतंस, रंगांवरून आठवडाभर तिच्याशी भांडत होतीस आणि जेवायचं विसरत होतीस. ते आठव आणि जे हवं ते घे. वेब घेतलास तर दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत घे. सॉफ्टवेअर घेतलंस तर माझं फाटकं पुस्तक तुझं. दोन्ही नको असतील तर तेही चालेल, इकडे ये, धुराडी साफ करायला माणूस हवाच आहे. उत्तर मात्र फोनवरच लिही, आणि घाईत लिही. साधा उ घाल. मी दुरुस्त करणार नाही.

तुझाच,
एसेनकुल तायाके