आईशंखाचं बिऱ्हाड

४ ऑक्टोबर
होडीतून उतरलो तर अर्धं गाव किनाऱ्यावर जमलेलं. अंबोन शहरातून शंख शिकवायला म्हातारा आलाय म्हटल्यावर पोरी थट्टेला चुकतायत होय? ओपा हाबेल, अहो आजोबा, दात किती उरलेत, फुंकर बाहेर सांडेल म्हणे. मी म्हटलं, शंखाला ओठ लागतात गं बायांनो, दात नव्हे.
बिऱ्हाड ओमा बात्सेबा या म्हातारीकडे. गावाचा आईशंख, सगळ्यात मोठा, तिच्या नवऱ्यानं जन्मभर वाजवला. तो गेल्यापासून शंख मुका आहे. महिनाअखेरच्या चर्चच्या सणात मी तो वाजवायचा आणि घरची होडी धरायची. माझ्या नातीच्या, मेर्सीच्या लग्नात मी गाणार आहे. शब्द दिलाय.

७ ऑक्टोबर
पोरं गुणी आहेत, छोट्या शंखांवर सूर धरू लागलीत. दुपारी ओमानं लाल फडक्यातून आईशंख आणून दिला. तोंड लावलं नि भपकारा आला, मेलेल्या घुशीसारखा. आत मांस राहिलं की सूर बसतो, हे आम्हा शंखवाल्यांना कुणी शिकवावं लागत नाही. तारेचा आकडा घालून ओढलं. करडं, बुळबुळीत, तळहाताएवढं काहीतरी निघालं. कोमट होतं. कोंबड्यांपुढे टाकलं तर त्या पळाल्या. शंख राखेनं घासला. काय सूर लागला म्हणून सांगू.

८ ऑक्टोबर
सूर ऐकून ओमानं शंख हातात घेतला, आत बोट घालून पाहिलं. रागावली नाही. म्हणाली, ओपा, त्याला रोज साबूचा घास चावून भरवायचा असतो हो, काढायचं नसतं. भरलं घर रिकामं केलंत. मी हसून म्हटलं, येईल नवं बिऱ्हाड. ती म्हणाली, येईलच की. आणि मला पापेडा, साबूची लापशी, वाढला.

१२ ऑक्टोबर
तोंडात शेंबडासारखी तार. उशीवर गोगलगायीचा असतो तसा चकचकीत माग. साबूचा तो चिकट पापेडा कुठं संपतो नि माझी लाळ कुठं सुरू होते, कळेना. लवंगा चघळतो, वास हटत नाही. पोरं म्हणतात, ओपांचा शंख आता बोलतो.

१५ ऑक्टोबर
खारा मासा तोंडात घेतला तर जीभ फेसाळली. आक्रसून घशात गेली. होडीवाल्याला विनवलं, मला घरी ने. तो म्हणाला, सण झाल्यावर, ओपा. इतकं गोड वाजवणारा माणूस कोण सोडतं?

१७ ऑक्टोबर
ओमा सकाळी घास चावून आणते. मी तोंड उघडतो. शिसारी येते — त्याहून शिसारी याची, की भूक लागते.

१९ ऑक्टोबर
शंखाला ओठ लावले की जीभ आपणहून आत जाते. पहिल्या वळणापर्यंत. आज परत यायला तयार नव्हती —
कोंबड्यांपुढे मी काय टाकलं होतं, ते आज उमगलं. ओमाच्या नवऱ्याची जीभ —

२१ ऑक्टोबर
तोंड रिकामं. जीभ शंखातच राहिली.
ओमा शंखापाशी घास चावत बसलीय. लाडानं त्याला हाबेल म्हणते. मला म्हणाली, सणात आता हाच वाजेल, होडी लागलीय, तुम्ही खुशाल जा.
जाऊन गाऊ काय? शंखातून मेर्सीचं गाणं येतंय. कुणी फुंकत नाही. आवाज माझा —

ओमा पाण्याला गेली. आकडा सापडला. जीभ ओढून काढतो, तोंडात कोंबतो, गिळेन हवं तर —
आकड्याचं टोक आत गेलं, जिभेत रुतलं. कळ माझ्या घशात —
जीभ आत धरून बसलीय. येत नाही. दुसऱ्या हातानं लिहितो — ओढतोय — माझंच काहीतरी आत ओढलं जातंय —